आईंच्या कानातलं मोरपीस

आमच्या सासूबाईंचे कान ओघळले होते. लग्नात त्यांच्या सासूबाईंनी घातलेले झुमके त्या चाळीसेक वर्षं प्रत्येक सणाला घालत आल्या. जोडी १६ ग्रॅमची, आणि कानसाखळी लावायची सवय नाही, त्यामुळे सगळा भार पाळीवर. भोक वर्षागणिक खाली उतरत गेलं आणि त्याची उभी चीर झाली. गेल्या दिवाळीत, पहिल्या आंघोळीनंतर झुमके घालताना डावी पाळी खालपर्यंत फाटली. जानेवारीत दोन्ही कान टाके घालून शिवून घेतले. डॉक्टरांनी बजावलं की नवं भोक काही महिन्यांनी पाडायचं, टाक्यांच्या रेषेपासून जरा बाजूला, आणि यापुढे कानात जड काही घालायचं नाही.

आई बोलून दाखवणाऱ्यातल्या नाहीत. पण त्या दिवसापासून बाहेर निघताना डोक्यावरून घेतलेला पदर कानांच्या पुढे ओढून घ्यायला लागल्या. कुणाकडे हळदीकुंकवाला जायचं तर "तूच जाऊन ये" म्हणायच्या. मला ते फार लागलं.

फेब्रुवारीत माझी लेक कॉलेजातून येताना पिसांचे डूल घालून आली. निळ्या रंगात बुडवलेलं वीतभर पीस, वर एक पितळी टोपी आणि हूक. आईंनी एक डूल तळहातावर घेतला, हात वरखाली केला आणि म्हणाल्या, "याला वजनच नाही की गं." मी ते वाक्य धरून ठेवलं.

लेकीचे डूल पंधरा दिवस टिकले. एकदा लोकलमधून उतरली तेव्हा एका कानात नुसता हूक आणि टोपी होती, पीस गाडीतच कुठेतरी राहिलं. दुसरा डूल मी चिमट्याने उघडून पाहिला. टोपीच्या आत डिंकाचा एक कडक गोळा, त्यात पिसाच्या दांडीचं टोक नुसतं बुडवलेलं. जरा ओढलं तर सुटून हातात आलं. म्हणजे सगळा डूल त्या अर्ध्या सेंटिमीटरवर उभा होता आणि नेमकं तिथेच काम कच्चं होतं. हे आपण घरी नीट करू शकू असं मला वाटलं. पुढचे आठ महिने मी खरं तर त्या अर्ध्या सेंटिमीटरवरच घालवले.

पिसं आणायची कुठून, हा पहिला प्रश्न. आम्ही विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो. खिडकीच्या जाळीत, ग्रीलवर कबुतरांची पिसं रोज सापडतात आणि लेक ती गोळा करायलाही लागली होती. मी ती टाकायला लावली. कबुतरांची वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ सतत नाकात गेली तर फुप्फुसाचा चिवट आजार होऊ शकतो. पोपटाचं पीस दिसायला सुंदर, पण पोपट, घार, घुबड हे सगळे वन्य पक्षी, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने राखलेले. त्यांच्या पिसांच्या वाटेला जायचं नाही हे मी आधीच ठरवलं. राहिली ती पाळीव कोंबडी, बदक, टर्की यांची पिसं.

माझं माहेर संगमेश्वरकडचं. शिमग्याला गेले तेव्हा वहिनीने गावठी कोंबड्याची पिसं वर्तमानपत्रात बांधून दिली. इथल्या चिकनच्या दुकानात सगळ्या पांढऱ्या ब्रॉयलर कोंबड्या, त्यांच्या पिसांना ना लांबी ना झळाळी. गावठी कोंबड्याच्या मानेचं पीस हातात घेऊन पाहा. बोटाएवढं लांब, अरुंद, टोकाला निमुळतं, कडा तांबूस सोनेरी, मधोमध काळी रेघ आणि बुडाशी राखाडी कापूस. पाठीवरची, शेपटीजवळची पिसं त्याहून लांब आणि लवचीक. २०११ साली अमेरिकेत केसांत अशी पिसं गुंफायची एवढी हौस आली होती, की गळाला लावायच्या खोट्या माश्या बांधण्यासाठी जे लोक ही पिसं वर्षानुवर्षं विकत घेत होते त्यांना ती मिळेनात आणि भाव गगनाला भिडले. आमच्याकडे तीच पिसं उकिरड्यात जातात.

मी ती तशीच बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून ठेवली. लेकीची परीक्षा होऊ दे, मग बसू, असा विचार. एप्रिलच्या शेवटी डबा उघडला तर तळाशी भुसा. पिसांच्या नुसत्या दांड्या उरलेल्या, एका बाजूचे तंतू कुरतडलेले, आणि मधेमधे बारीक केसाळ, तपकिरी अळ्यांच्या काती. पीस म्हणजे आपल्या केसांसारखंच केराटिन. लोकर खाणारे किडे तेही खातात. दोनशेभर पिसांतली चारपाच धड निघाली. मला रडू आलं, कारण वहिनीने ती एकेक निवडून दिली होती.

मे महिन्यात भाऊ आंबे घेऊन आला तेव्हा वहिनीने परत पिसं पाठवली. या वेळी आधी किडे मारायचे ठरवलं. पिसं घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये तीनचार दिवस ठेवायची, बाहेर काढून एक दिवस तशीच बंद राहू द्यायची, मग परत फ्रीजरमध्ये. पहिल्या थंडीतून एखादं अंडं वाचलं आणि बाहेरच्या उबेत फुटलं तर दुसऱ्या खेपेला अळी मरते. पण आई माळकरी. आमच्या फ्रीजमध्ये अंडंही येत नाही, तिथे कोंबड्याची पिसं ठेवायचा प्रश्नच नव्हता. शेजारच्या काकूंनी आपल्या बोंबिल-सुरमईच्या शेजारी जागा करून दिली. त्यांचं हे ऋण मी विसरणार नाही.

मग धुणं. पसरट परातीत कोमट पाणी, त्यात लहान मुलांच्या शाम्पूचे दोनतीन थेंब. पीस दांडीला धरून पाण्यात हलकेच फिरवायचं, बोटांनी बुडाकडून टोकाकडे निपटायचं. उलट्या दिशेने कधीच नाही. दोनदा स्वच्छ पाण्यातून काढायचं आणि जुन्या सुती पंचावर ओळीने मांडायचं. ओलं पीस बघवत नाही. सगळे तंतू एकमेकांना चिकटून काळपट काडी होते आणि आपण वाटोळं केलं असं वाटतं. पण हेअर ड्रायर अगदी मंद करून बुडाकडून वारा दिला की आधी बुडाचा कापूस फुलतो, मग एकेक तंतू सुटतो आणि मिनिटाभरात तांबूस सोनेरी रंग परत वर येतो. मी प्रत्येक पिसापाशी थांबून ते बघत बसायचे.

वाळल्यावर काही पिसांत फटी पडलेल्या दिसतात. अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून दोनतीनदा सरळ निपटलं की फट मिटते. तंतूंना दोन्ही बाजूंनी आणखी बारीक तंतू असतात आणि त्यांना अतिसूक्ष्म आकडे. ते एकमेकांत अडकतात, चेन ओढावी तसे. बुडाच्या कापसाला असे आकडे नसतात, म्हणून तो विस्कटलेलाच राहतो आणि तसाच छान दिसतो. पीस वाकलं, मुरडलं असेल तर चहाच्या पातेल्याच्या वाफेवर दोनचार सेकंद धरायचं. ते आपोआप सरळ होतं.

हे सगळं करताना पंखा बंद ठेवावा लागतो. मे महिन्यातली मुंबईची दुपार, खिडक्या लावलेल्या, पंखा बंद, घाम कोपरावरून ओघळतोय आणि तरीही जपून श्वास घ्यायचा, कारण जोराने उसासा टाकला तरी पीस उडून कॉटखाली जातं. पहाटे पाच ते सात ही वेळ मला शेवटी सापडली. पंख्याशिवाय बसता येईल असे तेवढेच दोन तास.

जोड्या लावायलाही माझ्या अपेक्षेपेक्षा फार वेळ गेला. प्रत्येक पीस एका बाजूला किंचित वळलेलं असतं. पक्ष्याच्या डाव्या अंगाचं एकीकडे, उजव्या अंगाचं दुसरीकडे. कानातल्यांसाठी दोन्ही एकाच बाजूला वळलेली घेतली तर एक गालाकडे येतं आणि दुसरं मागे केसांत शिरतं. म्हणून आरशातल्या प्रतिमेसारखी जोडी हवी, लांबी सारखी, काळी रेघ सारखी, वळण उलट. पांढऱ्या कागदावर पिसं मांडून मी आणि लेक सकाळभर बसलो. दीडशे पिसांतून सहा जोड्या निघाल्या.

सामानासाठी मी स्लो लोकलने मस्जिदला उतरून अब्दुल रहमान स्ट्रीट आणि भुलेश्वर पालथं घातलं. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास हस्तकलेचं जे मागाल ते मिळतं. टोप्या, कड्या, हूक, तार, नोकदार पक्कड, गोल तोंडाची पक्कड. रंगवलेली टर्कीची पिसंही एका दुकानात गठ्ठ्याने मिळाली, गडद फिरोजी. लेकीने हौसेने डूल करून घातले आणि संध्याकाळी मानेवर फिरोजी ओघळ घेऊन घरी आली, घामाने रंग सुटलेला. पुढे मी पांढरी पिसं आणून खायचा रंग आणि व्हिनेगर घातलेल्या गरम पाण्यात घरीच रंगवली. आंबट पाण्यात केराटिन रंग धरून ठेवतं, लोकरीसारखंच. तो रंग अजून सुटलेला नाही. पण मला रंगवलेल्या पिसांत फारसा रस वाटला नाही.

आता जोड. पहिला प्रयत्न मी झटपट चिकटणाऱ्या डिंकाने केला. टोपीत एक थेंब, त्यात दांडी, दहा सेकंदांत घट्ट. दुसऱ्या दिवशी टोपीच्या खालचं काळं पीस पांढरट झालेलं, धूर बसल्यासारखं. त्या डिंकाची वाफ वाळताना आसपास बसते आणि पांढरा थर धरते, तो नंतर निघत नाही. शिवाय हा डिंक काचेसारखा कडक होतो. पीस हलतं, डिंक हलत नाही, आणि आठवड्याभरात तडकून सुटतो. लेकीच्या पहिल्या डुलाचं हेच झालं होतं.

दुसरा प्रयत्न, दोन्ही बाजूंनी दुमडून दाबायची पत्र्याची छोटी पट्टी. यात दांडी ठेवायची आणि पकडीने दाबायचं. कमी दाबलं तर पीस सरकतं, जास्त दाबलं तर दांडी चिरते. बुडाशी दांडी पोकळ असते, तिला तो दाब सोसत नाही. दोन चांगल्या जोड्या यात गेल्या आणि मी काम आठदहा दिवस बाजूला ठेवलं.

वाट सापडली ती दादरला. आईंची जुनी मोहनमाळ ओवून घ्यायची होती म्हणून आम्ही दोघी एका सराफाच्या पायरीशी बसणाऱ्या पटवेकरी काकांकडे गेलो. त्यांनी दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला गुंडाळलं, दुसरं दातात धरलं आणि माळेच्या टोकाला रेशमाचे वेढे द्यायला लागले. वेढे इतके एकाशेजारी एक, की दोरा आहे हे कळू नये. मी पर्समधून मोडका डूल काढून दाखवला आणि विचारलं, "काका, हे पीस टोपीत राहत नाही. कोणता डिंक घेऊ?" त्यांनी मान वर न करताच विचारलं, "आम्ही माळेला डिंक लावतो का? चिकटवलेलं सुटतं. अडकवलं पाहिजे."

मग त्यांनी माळ बाजूला ठेवून मला करून दाखवलं. दोऱ्याचं टोक दुमडून लांबट फास करायचा आणि तो दांडीच्या अंगाशी उभा धरायचा. राहिलेल्या दोऱ्याने दांडी आणि फास दोन्हींवरून वेढे घ्यायचे, खालून वर, प्रत्येक वेढा आधीच्याला टेकलेला. आठदहा वेढे झाले की हातातलं टोक वर डोकावणाऱ्या फासातून ओवायचं आणि खाली राहिलेलं दुसरं टोक ओढायचं. फास वेढ्यांच्या पोटात सरकतो आणि ओवलेलं टोकही बरोबर आत घेऊन जातो. दोन्ही टोकं कापून टाकायची. गाठ कुठेच नाही आणि सोडवायला सुरुवात करावी असं टोकही नाही. आई शेजारी बसून बघत होत्या. घरी आल्यावर मला तीन वेळा जमलं नाही तेव्हा त्यांनी माझ्या हातातून दोरा काढून घेतला आणि पहिल्याच खेपेला करून दाखवलं.

काकांच्या त्या एका वाक्यावरून मी बाकीचं रचलं. बुडाचा कापूस सेंटिमीटरभर खरवडून काढायचा. दांडीचं टोक वाफेवर मऊ करायचं आणि पाचेक मिलिमीटर मागे दुमडायचं, म्हणजे तिचा छोटा आकडा होतो. त्या आकड्यातून २६ गेजची, म्हणजे सुमारे ०.४ मिलिमीटर जाडीची तार ओवायची, दोन्ही पाय वर. आता रेशमी दोऱ्याच्या वेढ्यांनी आकडा बंद करायचा. वेढ्यांवर हळू वाळणाऱ्या, लवचीक राहणाऱ्या डिंकाचा टाचणीच्या डोक्याएवढा थेंब, तोही दोरा भिजण्यापुरता. तारेचे दोन्ही पाय टोपीच्या भोकातून वर काढायचे, गोल पकडीवर वळवून डोळा करायचा आणि उरलेली तार त्याच्या मानेला गुंडाळायची. पावसाळी हवेत डिंक चोवीस तासांत नीट वाळत नाही, मी दोन दिवस हात लावत नाही. असा केलेला पहिला डूल मी दाराच्या कडीला अडकवून पिसाला धरून ओढला. तार वाकली, पीस हललं नाही.

हुकांची चूक मात्र लेकीला भोगावी लागली. स्वस्तातले चकचकीत हूक घेतले होते. तीन दिवसांत तिच्या कानाला खाज सुटली, पाळी लाल झाली आणि भोकाभोवती पाणी यायला लागलं. अशा हुकांत निकेल असतं आणि पुष्कळ जणांच्या कातडीला ते चालत नाही. एकदा बाधलं की जन्मभर बाधतं. तेव्हापासून मी फक्त ९२.५ चांदीचे हूक वापरते. आईंचे नुकते शिवलेले कान डोळ्यांसमोर असताना इथे पैसे वाचवणं मला शक्यच नव्हतं.

जुलैपर्यंत माझी चार जोड्यांची पुंजी झाली. आईंनी प्रत्येक जोडी हातात घेतली, उलटसुलट पाहिली, वेढे कुठे सैल आहेत ते दाखवलं. ऑगस्टमध्ये त्यांचे कान परत टोचले. भोकं भरत आली तेव्हा मी सगळ्यांत देखणी जोडी पुढे केली. त्यांनी ती हळूच परत माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, "चांगली झालीयेत गं. पण मी माळकरी बाई. कोंबड्याचं पीस कानात घालून विठ्ठलापुढे कशी उभी राहू?"

मला हे आधी सुचायला हवं होतं. त्या पहिल्या दिवसापासून सगळं बघत होत्या, शेजारच्या फ्रीजरपर्यंत, आणि माझा विरस होऊ नये म्हणून एक शब्द बोलल्या नव्हत्या. रात्री मी भांडी आवरत असताना त्या स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "मोराचं चालेल," म्हणाल्या. "गळालेलं असेल तर."

आईंचं माहेर शिरूर तालुक्यातलं, मोराच्या चिंचोलीपासून जवळ. लहानपणी पहाटे वासुदेव यायचा तेव्हा त्याच्या टोपीकडे बघून ही मुलं आपल्या वहीतलं मोरपीस काढून बघायची, त्याला पिल्लू झालं का म्हणून. खायला म्हणून पेन्सिलीचा भुसा घालायची. मीही संगमेश्वरात हेच केलेलं आहे. आमच्या दोघींच्या गावांत दोन दिवसांच्या एसटीचं अंतर वाटावं इतका फरक, पण वहीतल्या मोरपिसाचा भुसा तोच.

मोर पावसाळा सरताना पिसारा गाळतो. भाद्रपदात आईंच्या भाच्याने शेताच्या बांधावरून वेचलेली अठरा पिसं एसटीने येणाऱ्या एका नातेवाइकाबरोबर पाठवली. मोर १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी. त्याला मारणं, पकडणं हा गुन्हा. आपोआप गळालेली पिसं जवळ ठेवता येतात, पण देशाबाहेर पाठवता येत नाहीत. बाजारात मोरपिसांचे जुडगे मिळतात, पण त्यांची बुडं बहुतेक वेळा कापलेली असतात, म्हणून मला ती घ्यायची नव्हती. गळालेल्या पिसाचं बूड कोरडं, स्वच्छ आणि टोकाला मिटलेलं असतं. उपटलेल्या पिसाच्या बुडाला रक्ताचा किंवा कातडीचा अंश राहतो. आईंनी चष्मा लावून अठराही बुडं एकेक करून खिडकीच्या उजेडात तपासली आणि मगच ती माझ्याकडे दिली.

ही पिसं आमच्याच फ्रीजरमध्ये गेली. धुतली, वाळवली. एकदा लेकीने एक पीस ट्यूबलाइटकडे धरून पलीकडून पाहिलं आणि मला हाक मारली. निळा-हिरवा डोळा नाहीसा झाला होता, नुसतं तपकिरी पीस. मोरपिसात निळा रंग असा नसतोच. रंगद्रव्य काय ते तपकिरी-काळं. ते सूक्ष्म काड्यांच्या रूपात इतक्या नेमक्या अंतरावर रचलेलं असतं की उजेड त्यावर आदळून परततो तेव्हा निळा, हिरवा, सोनेरी होऊन परततो. म्हणून ते धुवून फिकट होत नाही. पण म्हणूनच त्यावर काही थापायचंही नसतं. डोळ्याभोवतीच्या झिरमिळ्या विस्कटू नयेत म्हणून मी एका पिसावर पारदर्शक नेलपॉलिशचा हात दिला. तंतू एकमेकांना चिकटले आणि झळाळी मेली. ते पीस मी टाकलं नाही, पोथीत ठेवलंय.

पिसाऱ्यातले मोठे डोळे आईंच्या चेहऱ्याला फार मोठे झाले असते. पाठीच्या जवळची पिसं आखूड असतात आणि त्यांचे डोळे लहान, रुपयाच्या नाण्याएवढे. अशी पाचच होती. त्यांतली दोन जमली. डोळ्याच्या खाली दीड इंचावर दांडी कापली. इथे ती पोकळ नसते, आत पांढरा भेंडासारखा गर असतो आणि सरळ दुमडली तर मोडते. ओल्या फडक्यात दहा मिनिटं गुंडाळून ठेवली, पकडीच्या सपाट पात्याने हळूच चेपली आणि मग दुमडली. डोळ्याच्या कडेने टोकदार कात्रीने झिरमिळ्या कापल्या, एका वेळी एकच तंतू. वेढे आईंनी घातले, जांभळ्या रेशमाचे. टोपीऐवजी त्यांच्या तुटलेल्या माळेतला तुळशीचा एकेक मणी. हूक चांदीचे.

सराफाकडे जोडी तोलून आणली. १ ग्रॅम ४०० मिली. तो ताजव्यावरचा आकडा वाचून आईंनी त्याला परत एकदा तोलायला लावलं.

कार्तिकी एकादशीला आम्ही पहाटेच वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात गेलो. रांग रस्त्यापर्यंत आलेली, टाळ चालू, बुक्क्याचा वास. आईंनी पदर कानांच्या मागे घेतला होता. रांगेतल्या एका बाईंनी हात लावून विचारलं, "कुठून आणली हो?" आईंनी माझ्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे.

दर्शन घेऊन बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, "छान आहेत. पण डोळे समोर बघत नाहीत, एकमेकांकडे बघतात." मी पाहिलं तर खरंच. मोरपिसाचे डोळे कडेला वळून गालाकडे बघत होते. मी घरी आरशात तिरकं बघून समाधान मानलं होतं. हूक आणि तारेचा डोळा यांच्यामध्ये एक कडी होती, आणि प्रत्येक कडी लटकणारी वस्तू पाव वळसा फिरवते. आणखी एक कडी घातली की पीस समोर येतं. घरी आल्यावर मी पक्कड घेतली. कडी ताणून फाकवायची नाही, एक टोक पुढे आणि एक मागे असं मुरडून उघडायची, नाहीतर ती परत गोल मिटत नाही. दोन कड्या घातल्या, मिटल्या, नखाने फट तपासली. आई शेजारी खुर्चीवर बसून, मान तिरकी करून, कान माझ्या पुढे धरून थांबल्या होत्या.